तर आणि तरच

आमच्या नणंदबाईंना सगळे तारीखबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, उगाच माझ्यावर आळ नको. पक्षकारांनी ठेवलंय. आमचे साहेब वकील. खालच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, वरच्या मजल्यावर आमचं घर आणि मधे आतल्या आत एक लाकडी जिना. ऑफिसात शिरलं की पहिलं टेबल नणंदेचं. आलेला माणूस वकिलाच्या खोलीकडे ढुंकून बघत नाही, आधी हिला विचारतो, "बाई, आमची तारीख कधी?" ही सांगते. मग तो चिडतो, रडतो, भावाची नाहीतर जावयाची गाऱ्हाणी सांगतो. ही ऐकून घेते, पाणी देते आणि तो जरा निवला की आत पाठवते. आत जाऊन त्याला फक्त सही करायची उरते.

जिना उतरली की नोकरी, जिना चढली की घर, असं तिचं चाललेलं. तिच्या चपला दाराशी कोऱ्या करकरीत पडून असायच्या. लग्न का झालं नाही म्हणाल, तर ठरत आलं की ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं निघायचं. कधी मोठी केस, कधी सासऱ्यांचं आजारपण, कधी सासरे गेल्यावर सगळा कारभार नव्यानं लावायचा म्हणून. पुढे विचारणारेही थांबले.

आणि ती घंटा! साहेबांच्या टेबलाखाली एक बटण आहे, सासऱ्यांच्या वेळचं. ते दाबलं की खाली फायलींच्या खोलीत आणि वर स्वयंपाकघरात एकदम घंटा वाजते. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगितलं, "अहो, मी घंटेला उठणारी नाही. काम असेल तर हाक मारा, तीसुद्धा नीट." तेव्हापासून माझ्या वाटेला ती घंटा गेली नाही. पण नणंद तिच्यावरच वाढलेली. चौतीस वर्षांची, पदवी घेतलेली बाई, पण घंटा वाजली की घास तोंडात असला तरी उभी. उठायचं असं ती ठरवायचीसुद्धा नाही हो, तिचे पायच उठायचे. मला बघवायचं नाही.

तर ही बाई एका दुपारी जेवताना म्हणाली, "दादा, मला कायदा शिकायचाय."

"रोज शिकतेसच की," दादा म्हणाले आणि भात वाढून घेतला.

"तसा नाही. कॉलेजात जाऊन. परीक्षा द्यायची, पास झाले तर तीन वर्षं तिथं राहायचं."

सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मग माझ्या पायाची नखं कोण कापणार?" त्यांचं वाकणं बंद झालंय आणि माझ्या हातात नखं कापायचं हत्यार द्यायला त्या घाबरतात. का घाबरतात ते मला माहीत आहे, पण ते जाऊ द्या.

कॉलेज दुसऱ्या गावात. आणि त्या लोकांनी जाहीर केलेलं की पुढच्या वर्षापासून पस्तिशी गाठलेल्यांना घेणार नाहीत. म्हणजे यंदा जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर ते पहिलं टेबल. हे ती बोलली नाही, पण मला तिच्या तोंडावर दिसत होतं. एरवी ही बाई काही मागत नाही. साबण संपला तरी तुकडे चिकटवून वापरते.

साहेब म्हणाले, आधी सराव-चाचणी तर दे. तिनं दिली, फायलींच्या खोलीत बसून. त्या खोलीला खिडकी नाही, एक नळीचा दिवा, तोही डोळा मारत असतो. शंभरपैकी पडले एक्केचाळीस.

"एक्केचाळीस?" साहेब कोर्टात हसतात तसं हसले. "अगं, चार पर्याय असतात. डोळे मिटून खुणा केल्या तरी पंचवीस पडतात. म्हणजे डोळे उघडे ठेवायचे तुला सोळाच मिळाले."

तिचा चेहरा असा काही पडला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच आवाज मऊ केला. "हे बघ, भाऊ म्हणून मी आडवा येणार नाही. सरावात सत्तर पडले, तरच अर्ज भरायचा. ठरलं?"

"ठरलं," ती म्हणाली. तिचे डोळे चमकले. मी टेबलाखालून तिचा हात दाबला. आम्हा दोघींनाही वाटलं, काम झालं, भावानं शब्द दिला.

खरं सांगायचं तर ती जाणं मला परवडणारं नव्हतं. ती गेली की सासूबाई माझ्या पदरात. पण त्याच वर्षी मला चष्म्याच्या दुकानात अर्ध्या दिवसाची नोकरी लागली होती. लोकांची नाकं मोजायची, फ्रेमी बसवून द्यायच्या, म्हाताऱ्यांना आरसा धरायचा. रोज चार तास मी त्या इमारतीच्या बाहेर असायचे आणि घरी येताना गुणगुणत यायचे. एकदा जिन्यात तिनं मला गुणगुणताना ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, बाहेर हवा बरी आहे का गं?" हवा! त्या एका शब्दानं मला असं काही झालं की मी म्हटलं, हिला बाहेर काढल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

मी तिचा पेपर घेऊन बसले. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चुकलेलं उत्तर का चुकलं एवढं तर विचारता येतं. पहिला उतारा एका भाडेकरूचा. त्यानं काही महिने भाडं दिलं नाही, मालकानं खोलीला कुलूप लावलं. प्रश्न असा की, वरच्या उताऱ्यावरून कोणती गोष्ट नक्की म्हणता येईल? हिनं खूण केलेली, 'मालक भाड्याची पावती देत नव्हता.'

"अगं, उताऱ्यात पावतीचं नावसुद्धा नाही!"

"पण देतच नाहीत गं वहिनी."

"कोण देत नाही?"

"असे मालक. कुलूप लावणारा मालक पावती देणारा नसतोच. आपल्याकडे इतके आले."

"आपल्याकडे आले असतील, ह्या कागदावर आले नाहीत ना! इथे जेवढं लिहिलंय तेवढंच खरं धरायचं. वर सूचनाच आहे बघ, उताऱ्यातली विधानं सत्य मानावीत."

"सत्य मानावीत," ती पुटपुटली, जणू कोणी तिला दंड सुनावला. पुढचा उतारा विधवा बाईचा आणि तिच्या दिरांचा. तिथं तर तिनं उत्तरच दिलं नव्हतं. का, तर म्हणे त्या बाईसाठी चारही पर्याय वाईट होते. मी कपाळावर हात मारला. परीक्षेतसुद्धा ही बया पाणी देऊन माणसं शांत करत होती.

दुसरी अडचण घंटेची. पस्तीस मिनिटांचा एक भाग, तो सलग सोडवायचा असतो. हिला एकदाही सलग मिळाला नाही. फाईल हवी, घंटा. चहा हवा, घंटा. घड्याळात किती वाजले, घंटा! अहो, भिंतीवर घड्याळ आहे! मी खाली जाऊन म्हटलं, "तिला तासभर बसू द्या की." साहेब म्हणाले, "मी कुठं नको म्हटलं? बसू दे, मी फक्त मधे मधे विचारतो." नवऱ्याच्या ह्या साधेपणावर चिडायचं की रडायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मी शक्कल काढली. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना चष्मेवाले काका म्हणतो, दुपारी दोन तास दुकान बंद करून घरी जातात. किल्ली माझ्याकडे. मी घरी जाहीर केलं की नणंदेचे डोळे बिघडलेत, तपासणी बरेच दिवस चालेल. साहेब घाबरलेच. "डोळे? मग फायली कोण वाचणार? जा जा, घेऊन जा." अशी ती दुपारची बाहेर पडायला लागली. दोन आठवड्यांनी सासूबाई विचारायला लागल्या की इतके दिवस तपासतात तर चष्मा का लागत नाही? काकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हसत हसत हिला बिननंबरी काचांचा चष्मा करून दिला. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी हुशार दिसतेस." बाईचे डोळे ठणठणीत, नाकावर चष्मा, आणि तो विसरू नये म्हणून मी जिन्यात आठवण करायची. काय काय करावं लागतं!

डोळे तपासायच्या खोलीत ती बसायची. आत शांत, काळा पडदा, समोर अक्षरांचा तक्ता. मला वाटलं, आता ही सुटणार. कसलं काय! पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी मान वर. "वहिनी, घंटा वाजली का?" मी म्हटलं, "अगं, ती दोन गल्ल्या पलीकडे आहे." "हो ना," म्हणायची आणि परत कान टवकारायची. फायलींच्या खोलीत बावन्नवर पोचलेली बाई त्या शांततेत अठ्ठेचाळीसवर घसरली. परतताना म्हणाली, "मला वाटतं मी बाहेरची राहिलेच नाही, वहिनी. तिथं वाजते म्हणून त्रास, इथं वाजत नाही म्हणून त्रास." मी तिला काहीबाही बोलून गप्प केलं, पण मलाही भीती वाटली. माणसाला इतकं बांधायचं की दोरी सोडली तरी ते तिथंच फिरत राहील, हे काही चांगलं नाही.

दुकानात आमच्याकडे प्लॅस्टिकचे ट्रे असतात. एका गिऱ्हाइकाची फ्रेम, काचा, चिठ्ठी, सगळं एका ट्रेमध्ये, म्हणजे ह्याच्या काचा त्याच्या नाकावर जात नाहीत. एका दुपारी मी चिडून कात्री घेतली, तिचे चुकलेले सगळे प्रश्न कापले आणि म्हटलं, "लाव हे ट्रेमध्ये. जशी चूक तसा ट्रे." एका ट्रेला आम्ही नाव दिलं पावती, म्हणजे उताऱ्यात नसलेलं घरून आणलेलं. दुसऱ्याला कीव. तिसऱ्याला घंटा, म्हणजे घाईत अर्धवट वाचलेलं. पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या उरल्या चौथ्या ट्रेत, आणि त्याला काय नाव द्यायचं ते कळेना. दर वेळी ती म्हणायची, "हे बरोबरच वाटतंय मला." चौथ्या ट्रेचं ते कोडं सुटेपर्यंत गाडं अडलं ते अडलंच. पावतीच्या चुका गेल्या, किवेच्या कमी झाल्या, घंटासुद्धा हळूहळू तिच्या कानातून उतरली. पण गुण एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. पुढे सरकेनात.

मग एका दुपारी ती चौथा ट्रे मांडीवर घेऊन बसली, एकेक चिठ्ठी वाचत. मी बाहेर काचा पुसत होते. आतून आवाज आला, "वहिनी, इकडे ये." मी गेले. तिनं चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं लावल्या होत्या आणि प्रत्येकीतल्या एकाच शब्दावर पेन्सिलीनं गोल केला होता. तरच. तरच. तरच.

"हे वाच," ती म्हणाली. "संचालकांची सही असेल तरच कागद पुढे जातो. ह्या कागदावर संचालकांची सही आहे. म्हणून हा कागद पुढे गेला. बरोबर का चूक?"

"बरोबर. सही आहे ना?"

"चूक! मीही बरोबरच म्हणायचे. सही नसेल तर कागद जाणार नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. सही असली म्हणजे गेलाच, असं कुठं म्हटलंय?"

माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, "माझ्या भाषेत सांग."

"बरं. तू म्हणालीस, पाणी आलं तरच मी कपडे धुईन. पाणी आलं. तू पाय पसरून झोपलीस. तू खोटी ठरलीस का?"

मी विचार केला. "नाही. मी कुठं म्हटलं पाणी आलं की धुईनच?"

"आणि तू म्हणाली असतीस, पाणी आलं तर धुईन, आणि मग झोपलीस?"

"मग खोटी. मग शब्द मोडला." मला एकदम उजेड पडला. "अय्या, म्हणजे 'तर' म्हटलं की आपण बांधले जातो, आणि 'तरच' म्हटलं की..."

"की समोरचा बांधला जातो. आपण मोकळे." ती उत्साहानं बोलत होती. "नुसती अट. अट पुरी केली म्हणून काही मिळेलच असं नाही. वचन नाहीच ते. आणि बघ ना, मी इतकी वर्षं प्रत्येक 'तरच' म्हणजे वचन असं..."

आणि ती थांबली. मीही थांबले. दोघींना एकाच वेळी तेच वाक्य आठवलं. पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली.

"सत्तर पडले, तरच," मी म्हटलं.

"हं."

"म्हणजे सत्तर पडले तरी..."

"तरी दादा काहीच म्हणालेला नाही, वहिनी."

मला इतका राग आला की मी पुसायचं फडकं भिरकावलं. "वकील तो वकीलच! बहिणीशी बोलतानासुद्धा पळवाट ठेवून बोलला!" ती म्हणाली, "त्याच्या मनात नसेल तसं." पण तिचा आवाज मेला होता. मी म्हटलं, मनात नसेल तर तोंडात कसं आलं? तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या, ट्रेमध्ये ठेवल्या आणि म्हणाली, "चल, वेळ लाव. एक भाग अजून होईल." मी चाट पडले. मी असते तर घरी जाऊन आकांडतांडव केलं असतं. ही बाई त्या दिवशी त्या खोलीत पस्तीस मिनिटं मान वर न करता बसली.

तिला त्र्याहत्तर पडले. पुढच्या वेळी पंचाहत्तर. साहेबांना पेपर दाखवला तर ते खरंच खूश झाले. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, सासूबाईंना वर ओरडून सांगितलं, आलेल्या दोन पक्षकारांना सांगितलं, "आमची बहीण, पंचाहत्तर!" मला वाटलं, आपण उगाच नवऱ्याला नावं ठेवली. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "आता असं करू. तुझ्या जागेवर नीट कोणी मिळालं, तरच अर्ज भरू. तसं वाऱ्यावर सोडून थोडंच जाता येतं?"

मी नणंदेकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

माणसं बघणं सुरू झालं. पहिली मुलगी हुशार होती, पण घंटा वाजली की दचकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला म्हणून गेली ती गेलीच. मग एक निवृत्त कारकून आले. त्यांनी पहिल्या तासात सगळी टेबलं पुसली आणि दुसऱ्या तासात टेबलावर झोपले. तिसरी बाई मला आवडली होती, खमकी होती. पण आलेल्या माणसाला ती पाणी देत नाही, असं साहेबांचं म्हणणं. "लोकांना सवय झालीय ना आपल्या तारीखबाईची," ते कौतुकानं म्हणायचे. आणि गंमत बघा, ह्या सगळ्यांना शिकवायचं कोणी? तिनंच. दिवसभर शिकवायचं, संध्याकाळी त्यांनी घातलेला घोळ निस्तरायचा. दुपारचं दुकानात जाणं बंद झालं, चष्मा टेबलावर पडून राहिला. अर्जाची शेवटची तारीख जवळ येत चालली आणि जगाला तारखा सांगणारी ही बाई आपल्या तारखेबद्दल मूग गिळून गप्प.

शेवटच्या दिवशी सकाळी मी दुकानात निघाले होते. खाली उतरले तर ती टेबलाशी उभी आणि साहेब आपल्या खोलीच्या दारात. ती नुसतं एवढंच म्हणाली होती, "दादा, आज शेवटचा दिवस आहे." आणि साहेबांनी मला जिन्यात पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी तो चेहरा ओळखते, कोर्टासाठी हवा असलेला कागद हाती लागला की असाच होतो.

"हे बघ, सोपं आहे," ते म्हणाले. "बाहेरचं माणूस टिकत नाही. तुझी वहिनी तुझ्या जागेवर बसायला तयार असेल, तरच जा. काय गं, बसशील ना?"

इतके दिवस दार त्यांनी धरलं होतं, आता कडी माझ्या हातात देऊन मोकळे! बसते म्हणावं तर माझे चार तास गेले, माझं गुणगुणणं गेलं, आणि मी त्यांच्या बहिणीच्या खुर्चीत म्हातारी होणार. नाही म्हणावं तर ती अडकली ती माझ्यामुळे. दोघंही माझ्याकडे बघत होते. वरून सासूबाई विचारत होत्या, "काय चाललंय खाली?" पण स्वतःबद्दल खोटं बोलणं मला जमत नाही, जमलं असतं तर ह्या घरात मी फार लाडकी झाले असते.

"नाही," मी म्हटलं. "मी बसणार नाही. मला माझी नोकरी आहे."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. खरं सांगते, ते दुष्टपणानं नाही म्हणाले, सुटल्यासारखे म्हणाले. "मी माझ्याकडून सगळं केलं. आता काय करणार?"

नणंद खाली बसली. मला वाटलं, संपलं. तिनं संगणक सुरू केला. मला वाटलं, आजच्या तारखा काढतेय. मग दुरूनच मला पडद्यावर कॉलेजचं नाव दिसलं.

"हे काय करतेस?" साहेब म्हणाले. "वहिनी नाही म्हणाली ना?"

"वहिनी नाही म्हणाली," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण बोटं चालू होती. "दादा, परीक्षेत उतारा खरा मानून चालायचं असतं. कोणी लिहिला, का लिहिला, विचारायचं नाही. मला ते शिकायला फार दिवस लागले. पण हा काही परीक्षेतला उतारा नाही. हे वाक्य तू केलंयस. मी ते खरं का मानू?"

साहेबांना उत्तर सुचलं नाही. मला आजवर हे दृश्य बघायला मिळालं नव्हतं आणि मिळालं तर मी उड्या मारीन असं मला वाटायचं. पण ते दाराच्या चौकटीला टेकले आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "मग मी काय करू गं?"

वकिली आवाज नव्हताच तो. वडील गेल्यावर सगळं अंगावर पडलेला, आणि ते बहिणीच्या अंगावर टाकून कसाबसा उभा राहिलेला एक माणूस बोलत होता. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. तिची बोटं थांबली. घंटेला तिचे पाय उठायचे, तसं आता तिचं सगळं अंगच त्या आवाजाकडे निघालं होतं. मी धावत जाऊन तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला खुर्चीत दाबून धरलं. अशा वेळी विचार करायला सवड नसते. "पुढे काय विचारलंय? वाच," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. सवयीनं ती मोठ्यानं वाचायला लागली, पक्षकारांचे कागद वाचते तशी. नाव. वय. शिक्षण. मग, "आणीबाणीच्या प्रसंगी कोणाला कळवावं?"

"माझं नाव घाल," साहेब दारातून म्हणाले. आवाज अजून ओला होता. "भावाचंच घालतात. आणखी कोणाचं घालणार?"

त्यांच्या बोलण्यात माया होती, माझ्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांचं नाव घालायला सुरुवात केली.

"थांब," मी म्हटलं. आणि नवऱ्याकडे वळले. "अहो, समजा तिथून फोन आला. तुमची बहीण पडली, दवाखान्यात नेलंय, ताबडतोब या. तुम्ही काय कराल? सांगा की. सगळ्यात आधी काय कराल?"

त्यांनी तोंड उघडलं. काय करतील ते त्यांना खरंच सांगायचं होतं, अगदी मनापासून. आणि उत्तरासाठी त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

त्यांचं त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. तिनं त्यांचं नाव एकेक अक्षर करून पुसलं, माझं घातलं आणि अर्ज पाठवून दिला.